कारण लिहून द्या : नाशिकच्या सोसायट्यांना एक खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सदस्य यांस,
(आमच्या सोसायटीच्या, आणि नाशिकमध्ये जिथे जिथे असे घडते त्या प्रत्येक सोसायटीच्याही)

सप्रेम नमस्कार.

आपल्या गेटवर भाडेकरूंची नोंदवही असते. तिच्यात माझ्या फ्लॅटच्या नंबरपुढे आधी एका बँक अधिकाऱ्याचे पूर्ण नाव होते, वडिलांच्या नावासकट. बदली होऊन ते कुटुंब गेले, नावावर रेघ पडली आणि खाली निळ्या शाईत लिहिले गेले : ‘नेपाळी मुली – २’. या दोन मुलींची आधार कार्डे, नोंदणी झालेला लिव्ह अँड लायसन्सचा करार आणि पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती दिल्याची पोच मी स्वतः सचिवांच्या हातात दिली होती. त्या प्रत्येक कागदावर त्यांची नावे आहेत. वहीत ती उतरली नाहीत.

त्या नेपाळी नाहीत. थोरली मणिपूरमधल्या चुराचांदपूरची, इथल्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स. धाकटी मिझोरमची, कॉलेज रोडवरच्या एका सलूनमध्ये काम करते. त्यांची नावे या पत्रात देत नाही. पत्र चारचौघांत फिरणार आहे, आणि आणखी बोटे आपल्याकडे वळायला नकोत असे त्यांनीच सांगितले.

गेल्या महिन्यात, रविवारच्या मीटिंगनंतर, तुमच्यापैकी तिघांनी मला पार्किंगमध्ये थांबवले. बोलणे अगदी गोड होते. “ताई, तुमच्यावर आमचा विश्वास आहे हो, पण ती माणसं कशी असतात ते तुम्हाला माहीत नाही. महिनाअखेरीस रिकामं करून घ्या.” मी म्हटले, ठीक आहे, कारण लिहून द्या. त्यावर उत्तर आले, “लिहून कशाला? आपण घरचेच आहोत.” नंतर मी मीटिंगचे इतिवृत्त मागवून वाचले. पाण्याची टाकी, लिफ्टचा देखभाल करार, गणपतीची वर्गणी, सगळे आहे. या विषयावर एक ओळही नाही.

म्हणून हे पत्र. जे तुम्ही लिहायला तयार नाही ते मी लिहिते आहे.

मला तोंडी दिलेली कारणे पाच आठवड्यांत तीनदा बदलली. आधी म्हणालात, सोसायटीत फक्त कुटुंबांनाच ठेवायचे. मग शेजारच्या विंगमध्ये दोन वर्षांपासून कंपनीत काम करणारी चार मुले एकत्र राहतात, ती कोणत्या कुटुंबातली? ती मुले चांगली आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. नंतर म्हणालात, त्या रात्री-बेरात्री येतात. नर्सची नाईट संपली की ती सकाळीच येणार. मी ३४ वर्षे सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, माझ्या येण्याजाण्याच्या वेळाही अशाच होत्या आणि तेव्हा या इमारतीतले लोक मला वाटेत अडवून बीपी तपासून घेत. तिसऱ्या वेळी वासाचा मुद्दा आला, त्यावर पुढे सविस्तर लिहिते. आणि चौथ्या वेळी एका सदस्याने हळूच विचारले, “सलून म्हणजे स्पा ना? तिथे काय चालतं सांगायला हवं का?” हा प्रश्न याच शहरातल्या कुठल्याही मराठी ब्यूटिशियनबद्दल त्यांनी विचारला असता का? माझ्या भाचीचे इंदिरानगरात पार्लर आहे. तिच्याबद्दल असे कुणी बोलले असते, तर त्याच सदस्यांनी मध्ये पडून भांडण केले असते.

मात्र या सगळ्यांच्याही आधी एक प्रसंग घडला होता आणि तोच मनातून जात नाही. सामान चढवण्याच्या दिवशी लिफ्टपाशी त्या दोघींना विचारले गेले : पासपोर्ट आहे का? भारतात कधी आलात? धाकटी माझ्याकडे बघायला लागली. थोरलीने मोबाइलमधले मतदार ओळखपत्र काढले, स्क्रीन पुसली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली, जसे लहान मूल परीक्षेचा निकाल धरते. हिंदीत म्हणाली, “हे चालेल ना?” तिच्या वागण्यात राग नव्हता. हा प्रश्न तिला पहिल्यांदा विचारला जात नव्हता, हे तिच्या हातांवरून कळत होते.

त्या क्षणी मी गप्प राहिले. ही माझी चूक आहे आणि ती इथे लिहायला हवी. दुसरी चूक त्याहून जुनी आहे. आपल्या रात्रपाळीच्या वॉचमनना मी अकरा वर्षे ‘बहादूर’ म्हणत आले. या प्रकरणानंतर त्यांना पहिल्यांदा नाव विचारले, गाव विचारले. ते कालिम्पोंगचे आहेत, पश्चिम बंगालमधल्या डोंगरातले. दरवेळी मतदानाला जमत नाही याची त्यांना खंत आहे. अकरा वर्षे आपण सगळे त्यांना नेपाळचे समजत होतो आणि त्यांनीही दुरुस्त करणे सोडून दिले होते. त्यांची मातृभाषा नेपाळी आहे हे खरे, पण ती भारताचीही भाषा आहे. १९९२ साली ७१व्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, तीन भाषा एकदम आल्या : कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी. कोकणी माणसाला आपण परका म्हणत नाही. त्याच दुरुस्तीने, त्याच दिवशी मान्य झालेल्या बाकीच्या दोन भाषांची माणसे मात्र आपल्याला विदेशी वाटतात, कारण त्यांचे डोळे आणि नाक आपल्यासारखे नाही.

मला जे म्हणायचे आहे ते इतकेच आहे, आणि त्याला वंशभेद म्हणतात. हा शब्द आपल्याला आपला वाटत नाही. तो अमेरिकेत, दक्षिण आफ्रिकेत असतो असे आपण शाळेत शिकलो. पण संविधानाचा १५वा अनुच्छेद उघडून बघा : धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. ‘वंश’ दुसऱ्याच क्रमांकावर आहे, जातीच्याही आधी. कुणी वकील सांगेल की हा अनुच्छेद प्रामुख्याने शासनाला बांधतो, सोसायटीला नव्हे. असेल. पण देशात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क १९व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे, आणि तो लिफ्टच्या दारात अडवायची सत्ता आपल्याला कुणी दिलेली नाही. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सभासदाने फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही, आगाऊ कळवणे आणि कागद देणे पुरते. ते मी केले आहे. मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही भरते. तेवढाच तुमचा अधिकार आहे, आणि तो मला मान्य आहे.

आता वासाचे. मिझो घरात बेकांग करतात, म्हणजे सोयाबीन शिजवून, उबेत ठेवून आंबवतात. नागालँडमध्ये अशाच पदार्थाला आखुनी म्हणतात. वास उग्र असतो, मी नाकारत नाही. पण आपल्या बिल्डिंगमध्ये पावसाळ्यात सुकट भाजली जाते, बोंबील परतले जातात, आणि मिरचीचा खर्डा केला की तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळे खोकतात. माझ्याच घरात जवळ्याची चटणी होते. वरच्या मजल्यावरच्या शाकाहारी काकूंनी एकदा सांगितले, तेव्हापासून मी खिडकी लावून आणि पंखा सुरू करून करते. शेजाऱ्याशी असे बोलता येते. या मुलींना आजवर कुणी एकदाही सांगितले नाही. परस्पर ठरवले गेले. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येतल्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षेच्या सूचनांची एक पुस्तिका काढली होती. तिच्यात आखुनीसारखे वासाचे पदार्थ जपून करा आणि कपडे कसे घाला हेही सांगितले होते. त्रास त्यांना होत होता आणि उपदेशही त्यांनाच. आपण इथे वेगळे काय करतो आहोत?

एका सदस्यांचा मुद्दा मात्र मला विचार करण्याजोगा वाटला. ते म्हणाले, “आपल्याला त्यांच्या राज्यात जायला परमिट लागतं, मग त्यांना इथे मोकळं रान का?” इनर लाइन परमिट खरेच लागते. मिझोरम, नागालँड, अरुणाचल आणि २०२० च्या सुरुवातीपासून मणिपूर. मुळात ती इंग्रजांच्या १८७३ च्या नियमावलीतून आलेली व्यवस्था, आणि आज ती टिकली आहे ती तिथल्या अगदी छोट्या समाजांची जमीन आणि वस्ती टिकावी म्हणून. किती छोट्या? २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरमची लोकसंख्या सुमारे ११ लाख होती, एकट्या नाशिक शहराची जवळपास १५ लाख. नाशिक उठून तिकडे राहायला गेले, तर मिझो माणूस स्वतःच्याच राज्यात अल्पसंख्य होईल. आणि अशी व्यवस्था आपल्याकडेही आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकमधली आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सहजी घेता येत नाही, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आहे. म्हणून पेठचा माणूस नाशिकला कामाला आला तर त्याला आपण परमिट मागतो का? (त्याला भाड्याने खोली किती लोक देतात, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर चांगले आले नाही. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

या मुली इथे का आल्या, हे कुणी विचारले नाही म्हणून सांगते. थोरली नर्सिंगचे शिक्षण घेऊन आधी दुसऱ्या शहरात होती. ३ मे २०२३ ला मणिपूरमध्ये हिंसाचार सुरू झाला. अडीचशेच्या आसपास माणसे मारली गेली, सुमारे ६० हजार लोकांना घरे सोडावी लागली. मैतेई समाज खोऱ्यात आणि कुकी समाज डोंगरात, अशी मधली वाट बंद झाली. तिच्या राज्याचा विमानतळ इंफाळला आहे, पण तिच्या समाजाच्या माणसाला तिथे पाय ठेवायची भीती वाटते. त्यामुळे घरी जायचे तर आधी मिझोरममध्ये ऐझॉलला उतरायचे आणि तिथून डोंगरातल्या रस्त्याने चुराचांदपूर गाठायचे, त्यात अख्खा दिवस जातो. आईला भेटायला ती गेल्या वर्षी एकदाच जाऊ शकली. आपल्या राज्यात तिला एक समाज परकी म्हणतो, आणि इथे आपण तिला देशालाच परकी ठरवतो.

नर्स म्हणून मला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. देशभरातल्या अतिदक्षता विभागांत ईशान्येच्या मुली मोठ्या संख्येने काम करतात. मार्च २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा रस्त्यात यांना ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या जाऊ लागल्या. दिल्लीत एका मणिपुरी मुलीवर थुंकण्यापर्यंत मजल गेली. केंद्रीय गृहमंत्रालयाला सगळ्या राज्यांना पत्र पाठवून हे थांबवा म्हणावे लागले. मे महिन्यात कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून मणिपूरच्या दीडशेहून अधिक परिचारिका नोकरी सोडून घरी निघून गेल्या. कारणे अनेक होती, पण वंशभेदी वागणूक हे त्यातले एक, असे त्यांनी स्वतः सांगितले. एका शहरातून, महामारीच्या ऐन मध्यात, दीडशे नर्स जाणे म्हणजे काय, हे ज्याने वॉर्ड सांभाळला आहे त्यालाच कळेल. एका नाईटला एक सिस्टर कमी आली, तरी आमचे हात पुरत नसत.

‘चिंकी’, ‘मोमो’, ‘चायना’. आपली मुले खाली खेळताना हे बोलतात. ती वाईट मुले नाहीत. त्यांनी ते कुणाकडून तरी ऐकले आहे. तुम्ही म्हणाल, एवढ्यातेवढ्याचे काय. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलचा निडो तानिया नावाचा विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानात गेला. त्याच्या रंगवलेल्या केसांवरून टिंगल झाली. टिंगलीतून भांडण, भांडणातून मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. आमदाराचा मुलगा होता, तरी वाचला नाही. सुरुवात अशीच, एवढ्यातेवढ्यानेच, झाली होती. त्यानंतर ईशान्येच्या लोकांच्या तक्रारी पाहण्यासाठी बेझबरुआ समिती नेमली गेली, तिने त्याच वर्षी अहवाल दिला, वंशवाचक अपमानासाठी कायद्यात तरतूद करा आणि शाळेत ईशान्येचा इतिहास शिकवा म्हणून सांगितले. स्वतंत्र कायदा झालेला नाही. अॅट्रॉसिटी कायदा अनुसूचित जमातींना लागू होतो, पण मैतेई त्या यादीत नाहीत, म्हणजे तोच शब्द तशाच चेहऱ्याच्या दोन माणसांना उच्चारला, तर एकाला तो कायदा आहे आणि दुसऱ्याला नाही. वंश, जन्मस्थान, निवासस्थान यांवरून समूहांत वैर वाढवण्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ आहे. पण मला तुमच्यावर कलमे लावायची नाहीत. त्या मुलींनाही नकोत. त्यांना महिनाअखेरीनंतरही हे घर हवे आहे.

शाळेत शिकवले नाही म्हणून आपल्याला माहीत नाही, यात तथ्य आहे. राणी गाइदिन्ल्यू आमच्या पुस्तकात नव्हती. इंग्रजांनी १९३२ मध्ये तिला पकडले तेव्हा ती सोळा वर्षांची होती, आणि सुटली १९४७ मध्ये. मणिपूरच्या डोंगरातली नागा मुलगी, स्वातंत्र्यासाठी तारुण्य तुरुंगात गेले. आणि आपली माणसे तिकडे गेली होती, हेही कुणी सांगितले नाही. मार्च १९४४ मध्ये जपानी फौज इंफाळच्या दिशेने निघाली, तेव्हा उखरुलच्या डोंगरात सांगशाक या गावी तिला काही दिवस रोखून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण होती. सातारा-कोल्हापूरकडची पोरे तिथे पडली. त्या मातीत आपली हाडे आहेत, आणि त्या मातीतली पोर आपल्या लिफ्टमध्ये आली की आपण पासपोर्ट मागतो.

नाशिकने हे आधी पाहिले आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये परप्रांतीयांविरुद्ध वातावरण तापले, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून हजारो उत्तर भारतीय कामगार बोचकी घेऊन नाशिकरोड स्टेशनवर आले. त्या दिवसांत एका कामगारांच्या बसवर दगडफेक झाली आणि त्यात जो गेला तो ओझरच्या एचएएलमधला मराठी माणूस होता. मी तेव्हा ड्युटीवर होते. त्या आठवड्यात रुग्णालयात बसलेली भीती मला आठवते. चार वर्षांनी, ऑगस्ट २०१२ मध्ये, मोबाइलवरच्या अफवांनी पुण्या-बंगळुरूहून ईशान्येची हजारो माणसे अशीच गाड्या भरून परत गेली. आपल्याकडे तशी गर्दी झाली नाही, पण आपण चार-चार गोड शब्दांत एकेकाला परत पाठवतो आहोत, ते कुठल्या प्लॅटफॉर्मवर दिसत नाही.

काळाराम मंदिराबद्दल लिहायचे की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. प्रत्येक जण प्रत्येक गोष्टीत तो दाखला देतो. पण मी पंचवटीत वाढले आहे, मला तो टाळता येत नाही. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मंदिराची दारे बंद केली गेली. ते दार बंद आहे हे सगळ्या गावाला दिसत होते. त्यामुळे त्याच्यासमोर बसता आले, बोलता आले, वर्षानुवर्षे लढता आले. आपले दार “बघतो, कळवतो, समजून घ्या” म्हणत बंद होते. त्याच्यासमोर कुणी कुठे बसायचे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. या दोन मुलींनी घर सोडावे असे समितीला वाटत असेल, तर ठराव करा. सूचक कोण, अनुमोदक कोण, ते लिहा. कारण लिहा. ‘चेहरा वेगळा आहे’ असे असेल तर तसेच लिहा, सह्या करा आणि मला प्रत द्या. ज्या कारणावर सही करायला हात धजत नाही, ते कारण पार्किंगमध्येही सांगू नका. आणि नाशिकमधल्या इतर समित्यांनाही माझी हीच विनंती आहे. एजंटला फोनवर ‘नॉर्थ-ईस्टवाले नकोत’ असे सांगण्याआधी, ते वाक्य तुमच्या लेटरहेडवर कसे दिसेल, एवढे बघा.

माझ्या बाजूने मी काय करणार तेही सांगते. करार ११ महिन्यांचा आहे, तो पूर्ण होईल आणि त्यांची इच्छा असेल तर पुढेही चालेल. बेकांग करायचे असेल तेव्हा खिडकी लावा आणि पंखा सुरू ठेवा, हे मी त्यांना सांगितले आहे, जसे मला काकूंनी सांगितले होते. वॉचमनना मी नावाने हाक मारते.

राहिली गेटवरची वही. सचिवांचे म्हणणे, “नाव अवघड आहे, आणि एकीला तर आडनावच नाही, काहीतरी गडबड आहे.” गडबड काही नाही. मिझो लोकांत आपल्यासारखे घराण्याचे आडनाव लावायची पद्धत सहसा नसते. मुलीच्या नावाच्या शेवटी बहुतेक ‘ई’ येते, मुलाच्या ‘आ’. दोघींना समोर बसवून, त्यांच्याकडून तीनतीनदा म्हणवून घेऊन, मी ती नावे देवनागरीत एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत. कागद या पत्राला जोडला आहे. ‘नेपाळी मुली – २’ यावर रेघ मारा आणि खालच्या ओळीत ती उतरवून घ्या. ओळ रिकामी आहे, मी काल रात्री बघून आले. धाकटीच्या नावातली शेवटची वेलांटी दीर्घ आहे.

आपली,
सोसायटीची एक सभासद व निवृत्त परिचारिका
गंगापूर रोड परिसर, नाशिक